हुबेहूब ‘किट’ बनवायची, पण नक्की कोणती?

काळी कुळकुळीत गाडी, नाकावरच्या खाचेत इकडून तिकडे पळणारा लाल दिवा आणि स्वतःच्याच ड्रायव्हरला शांतपणे टोमणे मारणारा आवाज. एवढं वर्णन केलं की ‘नाइट रायडर’ पाहिलेल्या माणसाला नाव सांगावं लागत नाही. ग्लेन लार्सन यांची ही मालिका अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सप्टेंबर १९८२ मध्ये सुरू झाली आणि १९८६ मध्ये संपली. केबल टीव्ही आल्यावर आपल्याकडच्याही अनेकांनी ती पाहिली. मायकल नाइटचं काम डेव्हिड हॅसलहॉफनं केलं आणि गाडीला आवाज दिला विल्यम डॅनियल्स या नटानं. गाडी होती १९८२ ची पॉन्टियाक फायरबर्ड ट्रान्स ॲम. मालिकेतलं तिचं नाव नाइट इंडस्ट्रीज टू थाउजंड, थोडक्यात किट.

ही गाडी स्वतःच्या गॅरेजमध्ये बनवणारे हौशी लोक अमेरिकेत आहेत आणि युरोपातही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, यात काय अवघड आहे? तीच गाडी घ्या, काळी रंगवा, पुढे दिवा लावा. पण पाना हातात घेण्याआधीच पहिली अडचण उभी राहते: हुबेहूब म्हणजे कशाच्या हुबेहूब?

टीव्हीवरच्या प्रसिद्ध गाड्यांची प्रतिकृती करायला निघालं की ढोबळमानानं तीन प्रकार समोर येतात. पहिला प्रकार नुसत्या रंगकामाचा. ‘द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’मधली केशरी ‘जनरल ली’ ही मुळात १९६९ ची डॉज चार्जर. रंग, दारावरचे आकडे आणि किरकोळ बदल केले की ती तयार. मात्र खुद्द चार्जरच आता इतकी दुर्मिळ आणि महाग आहे की रंगाचा खर्च त्यापुढे किरकोळ ठरतो. दुसऱ्या टोकाला १९६६ च्या ‘बॅटमॅन’ मालिकेतली बॅटमोबिल. ती लिंकन कंपनीच्या ‘फ्युचुरा’ या १९५५ च्या प्रायोगिक गाडीवरून जॉर्ज बॅरिस यांनी बनवली. फ्युचुरा कधी कारखान्यातून विक्रीला आलीच नाही, त्यामुळे प्रतिकृती करणाऱ्याला सगळी बॉडीच नव्यानं घडवावी लागते. किट या दोन्हींच्या मध्ये बसते. खालची गाडी कारखान्यात मोठ्या संख्येनं बनलेली, पण नाक आणि डॅशबोर्ड खास मालिकेसाठी घडवलेले.

‘मायामी व्हाइस’चा किस्सा यातला सगळ्यात गमतीचा. त्या मालिकेच्या पहिल्या भागांतली काळी फेरारी डेटोना ही फेरारी नव्हतीच. ती शेवरोले कॉर्व्हेटच्या सांगाड्यावर चढवलेली नक्कल होती. फेरारीनं ती नक्कल बनवणाऱ्याला कोर्टात खेचलं, मालिकेत ती गाडी स्फोटात उडवून टाकली आणि तिच्या जागी खरीखुरी टेस्टारोसा आली. आता त्या काळ्या गाडीची प्रामाणिक प्रतिकृती करायची तर खरी डेटोना घेणं ही चूकच ठरेल. पडद्यावर जे होतं ते बनवायचं, तर कॉर्व्हेट शोधायला हवी.

किटच्या बाबतीत फसवणूक इतकी उघड नाही, पण आहे. मालिकेत एकच किट दिसते. चित्रीकरणाला मात्र गाड्यांचा ताफा होता. जवळून दिसणारी, आतून-बाहेरून नीट सजवलेली गाडी वेगळी. तिला हौशी मंडळी ‘हीरो कार’ म्हणतात. ट्रकवरून आणि अडथळ्यांवरून उड्या मारणाऱ्या गाड्या वेगळ्या, त्यांच्या आत धड डॅशबोर्डही नसायचा. ‘कोणी चालवत नसताना’ धावणारी गाडी आणखी वेगळी: तिच्यात ड्रायव्हर सीटच्या खोळीतच लपलेला असे, म्हणजे बाहेरून रिकामं आसन दिसावं. या साऱ्या गाड्यांच्या नाकांची, पट्ट्यांची, दिव्यांची ठेवण तंतोतंत एकसारखी असण्याचं कारणच नव्हतं. एका प्रसंगात तीन शॉट असतील तर तीन वेगवेगळ्या गाड्या असू शकतात.

शिवाय काळानुसार बदल झाले ते निराळेच. सुरुवातीच्या भागांत किट बोलताना डॅशबोर्डवर एक चौकोनी लाल दिवा लुकलुकतो. पहिल्याच हंगामात त्याच्या जागी तीन उभ्या लाल पट्ट्या आल्या, आणि आज किट म्हटलं की लोकांना त्याच आठवतात. पहिल्या दोन हंगामांत डॅशबोर्डमध्ये दोन छोटे टीव्ही आहेत. तिसऱ्या हंगामात डॅशबोर्ड नव्यानं केला गेला आणि एकच उरला. चौथ्या हंगामात पंख आणि झडपा उघडणारा ‘सुपर पर्स्यूट मोड’ आला, छप्पर उघडणारं रूपही आलं. मूळ नाक आणि डॅशबोर्ड मायकल शेफी यांच्या हातचा, तर चौथ्या हंगामातले बदल जॉर्ज बॅरिस यांचे.

म्हणजे किट हा एक ग्रंथ धरला तर त्याच्या हाती लागणाऱ्या पोथ्या अनेक आहेत आणि प्रत्येकीत पाठभेद आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांच्यासमोर जो पेच होता, त्याच जातीचा हा पेच. फरक एवढाच की इथे मुळात एकच शुद्ध पाठ होता असंही म्हणता येत नाही. म्हणून अनुभवी माणूस नवख्याला पहिला प्रश्न विचारतो तो इंजिनाचा नसतो. तो विचारतो, ‘दोन टीव्हीवाली की एका टीव्हीवाली?’ हंगाम ठरवा, जमलं तर भागही ठरवा, आणि मग त्यालाच चिकटून राहा. पहिल्या हंगामाचा डॅशबोर्ड आणि चौथ्या हंगामाच्या झडपा एकत्र केलेली गाडी बघायला छान दिसते, रस्त्यात पोरं टाळ्याही वाजवतात, पण तशी गाडी पडद्यावर कधीच नव्हती. माझ्या मते या छंदात खरं कौशल्य वेल्डिंगपेक्षा इथेच लागतं.

आता गाडी. जिच्यावर काम करायचं त्या जुन्या गाडीला ‘डोनर’ म्हणतात. तिसऱ्या पिढीची फायरबर्ड १९८२ पासून १९९२ पर्यंत बनली, पण किटसाठी १९८२ ते १९८४ ची बघावी. १९८५ मध्ये ट्रान्स ॲमचं नाक, खालच्या पट्ट्या आणि मागचे दिवे बदलले, त्यामुळे नंतरची गाडी घेतली तर अर्धा वेळ तिला जुनी करण्यातच जातो. टी-टॉप हवा, म्हणजे छपराच्या दोन काचा काढता येणारी गाडी. पाऊस पडला की त्यातून हमखास गळतं, ते सोसायचं. आतलं कापड-प्लास्टिक फिकट तपकिरी हवं. चाकांवर गोल, गुळगुळीत झाकणं हवीत, ज्यांना तिकडे ‘बोलिंग बॉल’ म्हणतात.

इंजिनाबद्दल मात्र निराशा होण्याची तयारी ठेवावी. मालिकेत ही गाडी विमानाशी स्पर्धा करते. प्रत्यक्षात १९८२ च्या ट्रान्स ॲमच्या ५ लिटर व्ही-८ इंजिनाची ताकद प्रकारानुसार १४५ किंवा १६५ अश्वशक्ती होती. आपल्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० चं २ लिटरचं पेट्रोल इंजिन सुमारे २०० देतं. साध्या फायरबर्डमध्ये तर चार सिलिंडरचं ९० अश्वशक्तीचं इंजिनही मिळायचं. बरेच हौशी नेमकी हीच साधी फायरबर्ड घेतात आणि तिला ट्रान्स ॲमचे भाग लावतात, कारण चांगली सांभाळलेली १९८२ ची अस्सल ट्रान्स ॲम आता स्वतःच जपण्याजोगी वस्तू झाली आहे. ती कापून तिची नक्कल बनवणं मला पटत नाही. थकलेली, पण गंजानं पोखरलेली नाही अशी साधी गाडी या कामाला उत्तम.

एक गोष्ट किटवाल्यांच्या पथ्यावर पडली आहे. फायरबर्ड २००२ मध्ये बंद झाली आणि पॉन्टियाक हा ब्रँडच जनरल मोटर्सनं २०१० मध्ये गुंडाळला, पण फायरबर्ड आणि शेवरोले कॅमॅरो या एकाच सांगाड्यावरच्या जुळ्या गाड्या. त्यामुळे ब्रेक, सस्पेन्शन, गिअरबॉक्स यांचे सुटे भाग अजून सहज मिळतात. अडतं ते नाकापाशी आणि डॅशबोर्डपाशी.

मूळ ट्रान्स ॲमच्या नाकात दोन बाजूंना दोन खाचा असतात. किटचं नाक अधिक लांब, निमुळतं आणि दिव्यासाठी मध्ये खाच असलेलं आहे. ते नेमकं किती लांब? इथे फोटोवरून माप काढायची पद्धत कामी येते. या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर १०१ इंच, म्हणजे सुमारे २५६५ मिलिमीटर. हे कारखान्याचं माप पक्कं आहे. गाडी नेमकी बाजूनं दिसणारी चौकट, म्हणजे मालिकेतलं एक थांबवलेलं चित्र, शोधायची, चाकांमधलं अंतर पट्टीसारखं वापरायचं आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून नाकाच्या टोकापर्यंतचं अंतर त्या प्रमाणात मोजायचं. पण कॅमेऱ्याजवळची वस्तू मोठी दिसते. गाडी जरा तिरकी असेल किंवा लेन्स रुंद कोनाची असेल तर नाक भलतंच लांब येतं. म्हणून लांबून, टेलिफोटो लेन्सनं घेतलेली चौकट विश्वासाची. अशा अनेक चौकटींची मापं एकमेकांशी जुळली तरच आकडा कागदावर धरायचा.

यात एक गोष्ट मदतीला येते. मालिका फिल्मवर चित्रित झाली होती. त्या वेळच्या अमेरिकी टीव्हीचं चित्र ५२५ आडव्या रेषांचं होतं आणि त्यातल्या ४८० च्या आसपास रेषाच पडद्यावर दिसत. फिल्मवर मात्र त्याहून कितीतरी जास्त तपशील नोंदला गेला होता. पुढे फिल्मवरून नव्यानं काढलेल्या हाय-डेफिनिशन प्रती आल्या आणि जुन्या प्रतिकृतींमधल्या चुका उघड्या पडल्या: बटणांवरची अक्षरं, पट्ट्यांमधल्या फटी, खाचेची उंची. काळ्या रंगानं मात्र संशोधकांचं काम अवघड केलंय. काळ्या पृष्ठभागाचा उंचसखलपणा फोटोत दिसत नाही. तो वाचायचा तर पृष्ठभागावर पडलेलं आकाशाचं किंवा दिव्यांच्या ओळीचं प्रतिबिंब कुठे वाकतं ते पाहावं लागतं.

माप मिळालं की नाक फायबरग्लासमध्ये घडवायचं. आधी फोम आणि पुट्टीनं मूळ नमुना तयार करायचा, तो आरशासारखा घासायचा, त्यावर मेण लावून साचा काढायचा. मग साच्यात जेलकोटचा, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या गुळगुळीत लेपाचा पातळ थर, त्यावर काचतंतूंची चटई आणि रेझिन, म्हणजे घट्ट होणारा चिकट द्रव. रेझिन घट्ट होताना थोडं आक्रसतं. एका नाकाच्या बाबतीत हे जाणवत नाही. पण विकत घेतलेल्या नाकावरून कोणी पुन्हा साचा काढला, त्याच्या नाकावरून तिसऱ्यानं काढला, तर प्रत्येक पिढीत नाक किंचित लहान होतं आणि कडा बोथट होतात. म्हणून तयार नाक विकत घेणाऱ्यानं साचा कशावरून काढला आहे ते खोदून विचारावं. मालिकेत वापरलेल्या गाडीवरून काढलेल्या साच्याची वंशावळ इथे अगदी लग्न जमवताना बघावी तशी बघतात.

बसवतानाही गंमत होते. कारखान्याचं नाक लवचीक प्लास्टिकचं, फायबरग्लासचं ताठ. शेजारचा पत्रा लोखंडी. उन्हात तिन्ही वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. फट अगदीच कमी ठेवली तर रंगाला तडे जातात, जास्त ठेवली तर नाक चिकटवल्यासारखं दिसतं. रंगाबद्दल एवढंच सांगतो: काळा रंग पत्र्याची एकही लाट लपवत नाही. पांढऱ्या गाडीत खपून जाणारं डेंटिंगचं काम काळ्या गाडीत दहा फुटांवरून दिसतं. घासकामावर आळस केलात तर नंतर रोज बघावं लागेल.

आता तो लाल दिवा. लार्सन यांच्याच आधीच्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ मालिकेतल्या सायलॉन यंत्रमानवांच्या डोळ्यात असाच पळणारा लाल ठिपका होता. तीच कल्पना किटच्या नाकावर आली. इलेक्ट्रॉनिक्सच्या हौशी जगात अशा दिव्यांना ‘लार्सन स्कॅनर’ असं नावच पडलं आहे. बहुतेक प्रतिकृती इथे घसरतात, आणि चूक दिसते पण सांगता येत नाही.

कारण असं. मूळ दिव्यात तारेचे बल्ब होते, लाल आवरणामागे आठ कप्प्यांत. तारेचा बल्ब लावला की तार तापायला काही क्षण जातात. वीज तोडली की ती हळूहळू थंड होते. त्यामुळे उजेड पुढे सरकला तरी मागच्या बल्बात अजून धुगधुगी असते आणि पळणाऱ्या ठिपक्याला शेपूट फुटतं. कोणी मुद्दाम ते शेपूट रचलं नव्हतं, बल्बच्या स्वभावातून ते आलं. एलईडी मात्र डोळ्याला कळायच्या आत पेटते आणि विझते. साध्या सर्किटवर आठ एलईडी लावल्या की ठिपका टक-टक उड्या मारत जातो आणि गाडी लग्नाच्या मांडवातली वाटते.

एलईडीला शेपूट द्यायचं तर तिची वीज सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करायची आणि चालू असण्याचा वाटा हळूहळू कमी करत न्यायचा. याला पल्स विड्थ मॉड्युलेशन म्हणतात. मोबाइलच्या स्क्रीनचा उजेड अनेकदा याच युक्तीनं कमी होतो. तरीही पहिल्या प्रयत्नात शेपूट चुकीचं दिसतं, आणि यावेळी दोष आपल्या डोळ्याचा असतो. प्रकाश निम्मा झाला तर डोळ्याला तो निम्मा वाटत नाही, त्याहून बराच जास्त वाटतो. म्हणून वाटा एकसारख्या पावलांनी कमी करून चालत नाही; सुरुवातीला मोठी पावलं आणि शेवटी अगदी बारीक पावलं टाकावी लागतात. शिवाय तार थंड होताना उजेडाची छटा अधिक गडद लाल होते, एलईडीची छटा तशीच राहते. काटेकोर माणूस शेवटी कंटाळून परत बल्बच लावतो. ते तापतात, बॅटरी खातात, कधी उडतातही, पण दिसतात बरोबर. आणखी एक: तो दिवा पळताना येणारा ‘व्हूंऽऽ व्हूंऽऽ’ आवाज नंतर ध्वनिमुद्रणात घातलेला आहे. गाडीतून आवाज यायला हवा असेल तर स्पीकर लपवावा लागतो.

डॅशबोर्ड हा या कामातला सगळ्यात लांबणारा भाग. मूळ डॅशबोर्ड कॅमेऱ्यासाठी होता. त्यावरचे बरेचसे दिवे काहीच मोजत नव्हते. इथे प्रतिकृती करणाऱ्याला पुन्हा निवड करावी लागते. मूळासारखं खोटं ठेवायचं, की आकड्यांना खरा वेग, खरं तापमान दाखवायला लावायचं? रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर निदान स्पीडोमीटर, इंधन आणि तापमान खरं असलंच पाहिजे. काही जण खरे काटे डॅशबोर्डच्या झाकणवाल्या कप्प्यात (ग्लव्ह बॉक्समध्ये) लपवतात. मला ही तडजोड आवडते. बाकी बटणं मात्र पाठच लागतात: बोलण्याच्या पट्ट्यांच्या डावीकडे ‘एअर’, ‘ऑइल’, ‘पी१’, ‘पी२’, उजवीकडे ‘एस१’, ‘एस२’, ‘पी३’, ‘पी४’, आणि खाली ‘ऑटो क्रूझ’, ‘नॉर्मल क्रूझ’, ‘पर्स्यूट’.

बोलण्याच्या तीन पट्ट्या आवाजाबरोबर नाचायला हव्यात. यासाठी आवाजाच्या लहरीतून तिचा जोर तेवढा वेगळा काढायचा आणि त्या जोराप्रमाणे खालीवर एलईडी लावायच्या. एलएम३९१५ नावाची एक जुनी चिप हे काम करते: दहा पायऱ्या, प्रत्येक पायरी ३ डेसिबलची (डेसिबल हे आवाजाचा जोर पटीत मोजणारं माप). पायऱ्या डेसिबलच्या असणं महत्त्वाचं. कानही आवाजाची वाढ पटीत ऐकतो. साध्या समान पायऱ्या ठेवल्या तर हळू बोलताना पट्ट्या मेल्यासारख्या पडून राहतात आणि जोरात बोललं की एकदम भरतात. मधली पट्टी उंच, बाजूच्या दोन आखूड, आणि तिन्ही मध्यापासून वर-खाली उघडणाऱ्या. डॅनियल्स यांचे संवाद स्टुडिओत वेगळे मुद्रित होत असल्यानं सेटवर हॅसलहॉफ समोरच्या दिव्यांशीच बोलत होता. तेव्हा प्रतिकृतीतल्या पट्ट्या आवाजाशी मूळापेक्षाही काटेकोर जुळल्या तर नवल नको.

आणि ते छोटे टीव्ही. फिल्म कॅमेरा सेकंदाला २४ चित्रं टिपतो, अमेरिकी टीव्ही सेकंदाला जवळपास ३० चित्रं दाखवायचा. दोन्हींची लय जुळली नाही तर पडद्यावर काळी पट्टी सरकताना दिसते. म्हणून हॉलिवूडमध्ये अशा दृश्यांसाठी २४ च्या लयीवर चालणारे खास व्हिडिओ वापरत. आज एलसीडी लावली की हा त्रास नाही, पण एलसीडी सपाट असते आणि जुन्या पिक्चर ट्यूबची काच पुढे फुगलेली. बाजूच्या सीटवरून बघितलं की फरक लगेच कळतो. जुन्या छोट्या टीव्हीची ट्यूब बसवायची हौस असेल तर एक सूचना गांभीर्यानं घ्या: ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा दाब असतो आणि बंद केल्यावरही काही काळ टिकून राहतो. माहितगाराशिवाय ती उघडू नये.

वरचा अर्धा भाग कापलेलं विमानासारखं स्टिअरिंग सुंदर दिसतं आणि पार्किंगमध्ये जीव काढतं, कारण हात फिरवत न्यायला वर काही धरायलाच नसतं. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं नाही.

कायद्याबद्दल आहे. कॅलिफोर्नियात, जिथे किट कथेत धावली आणि जिथली ‘नाइट’ अक्षरांची पाटी तिच्या मागे आहे, तिथेच पुढून दिसणारे दिवे पांढरे किंवा पिवळेच असावेत असा नियम आहे. म्हणून सभ्य मालक सार्वजनिक रस्त्यावर लाल दिवा बंद ठेवतात आणि प्रदर्शनाच्या मैदानात पोचल्यावर लावतात. १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना तिथे धुराची चाचणीही द्यावी लागते, तेव्हा मनाला येईल ते इंजिन टाकता येत नाही.

दुसरा प्रश्न हक्कांचा. २०१५ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं बॅटमोबिलच्या प्रतिकृती विकणाऱ्या एका गॅरेजवाल्याविरुद्ध निकाल दिला. न्यायालयाच्या मते बॅटमोबिल हे नुसतं वाहन नसून एक पात्र आहे: तिचे ठरलेले गुण आहेत, ती कुठल्याही रूपात ओळखू येते, आणि ती वेगळी उठून दिसते. पात्रावर कॉपीराइट असतो, तसा तिच्यावरही. त्याच न्यायालयानं मे २०२५ मध्ये मात्र चित्रपटांतल्या ‘एलेनॉर’ या मस्टँग गाडीला पात्र मानायला नकार दिला. या दोन निकालांमध्ये किटला ठेवून बघितलं तर, माझ्या अंदाजानं, ती बॅटमोबिलच्या बाजूला पडेल. ती बोलते, चिडते, तिला स्वभाव आहे. स्वतःच्या हौसेसाठी एक गाडी बनवणाऱ्याला यानं फार फरक पडू नये, पण दुकान थाटणाऱ्यानं आधी वकील गाठावा.

पुण्यात किंवा कोल्हापुरात बसून हे करायचं म्हटलं तर चित्र वेगळं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाड्यांवर कलम १२० चं बंधन आहे. पुढे लाल दिवा दाखवायला केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०८ वा नियम मनाई करतो. साहजिकच रस्त्यावर धावणारी किट इथे विसरायची. डॅशबोर्ड मात्र टेबलावर उभा करायला कोणाची हरकत नाही. मुंबईतला लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाजवळची दुकानं पालथी घातली की लागणारं जवळपास सगळं मिळतं.

सुरुवात लाल दिव्यापासून करावी. ५५५ (ठरावीक लयीत टिकटिक देणारी) आणि ४०१७ (त्या टिकटिकी मोजून एकेक दिवा पुढे नेणारी) या दोन चिपांचं सर्किट हौशी मुलांच्या हाती वर्षानुवर्षं फिरत आलं आहे. त्यात सहाच एलईडी असतात, त्याचं कारण हिशेबात आहे. ४०१७ ला दिव्यांकडे जाणारे दहाच पाय. सहा दिवे जाताना सहा पावलं आणि परतताना मधले चार, असे बरोबर दहा. किटचे दिवे आठ, म्हणजे जाताना आठ आणि येताना सहा, एकूण चौदा पावलं. एका ४०१७ मध्ये ती मावत नाहीत. दोन चिपा जोडता येतात, पण शेपूट हवं असेल तर मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम करता येणारी चिपच घ्यावी. आर्डुइनो उनो या हौशींच्या लाडक्या बोर्डाला उजेड कमी-जास्त करता येणाऱ्या पिना सहाच आहेत, तेव्हा आठ दिव्यांसाठी ईएसपी३२ हा दुसरा मायक्रोकंट्रोलर बरा पडतो. त्याला असे सोळा मार्ग आहेत. शेजारी १२ व्होल्टचे आठ छोटे बल्ब लाल जिलेटिन कागदामागे लावून ठेवा आणि एलईडीचं शेपूट त्यांच्याशी ताडून बघत प्रोग्राममधले आकडे बदलत जा.